बडे बाबूंची चाळीस लिटरची बॅग

सहलीच्या यादीवर शिक्का मारता मारता परसराम डोंगरवारांनी त्याच यादीत स्वतःचं नाव लिहून टाकलं, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

परसराम गोंदियातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मुख्य लिपिक. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना बडे बाबू म्हणायचे. तिथले क्रीडाशिक्षक भुपेंद्र बिसेन दर हिवाळ्यात कर्मचाऱ्यांना जंगलात चालायला न्यायचे. गाडीनं दरेकसा, तिथून पायी कचारगडच्या गुहा, वाटेतल्या गावच्या शाळेत एक मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. दरवर्षी यादी बडे बाबूंच्या टेबलावर यायची, ते तिला शिक्का मारायचे, मग यादी डोंगरावर जायची आणि बडे बाबू कुडव्याला घरी जायचे.

यंदा बिसेन सरांनी सहज विचारलं, "बडे बाबू, तुमचंही टाकू का नाव?"

परसराम तोंड उघडायच्या आत सगळं कार्यालय हसलं. हसण्यात वाईट काही नव्हतं, उलट प्रेमच होतं. कार्यालयातल्या लोखंडी कपाटाला कोणी "नाचायला येतोस का?" असं विचारलं, तर लोक हसतील तसं ते हसले. पण परसरामांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि त्या हसण्यात त्यांना पुढची वीस वर्षं दिसली: अंगणातली खुर्ची, खुर्चीत ते, आणि समोर भिंत. त्यांनी पेन काढलं आणि यादीत अकरावं नाव लिहिलं.

यादीच्या मागची सूचना त्यांनी नंतर वाचली. अठ्ठावीस वर्षांत कागद न वाचता सही करण्याची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि तेवढ्यातच दगा झाला. सूचना क्रमांक चार म्हणत होती: 'प्रत्येकाने स्वतःची, टिकाऊ, पाठीवर घ्यायची, चाळीस लिटरची बॅग आणावी. स्वतःचे सामान स्वतःच वाहावे.'

संध्याकाळी त्यांनी ही सूचना पुष्पाबाईंना वाचून दाखवली. पुष्पाबाई तांदूळ निवडत होत्या.

"चाळीस लिटर?" त्या म्हणाल्या. "बॅगेत पाणी नेऊन राहिले का?"

"पाणी नाही, सामान."

"मंग सामान लिटरनं काऊन मोजून राहिले?"

प्रश्न बिनतोड होता. परसरामांनाही उत्तर माहीत नव्हतं, पण मुख्य लिपिकाला तसं म्हणता येत नाही. "शासकीय पद्धत आहे," असं ते म्हणाले.

एवढ्यात कुंपणाच्या भिंतीवरून चैतराम नागपुरेंचं डोकं वर आलं. चैतराम शेजारी. मालगाडीचे गार्ड म्हणून चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांच्यासोबत एक पत्र्याची पेटी असायची आणि जगातल्या कुठल्याही वस्तूचं मोजमाप ते त्या पेटीशी करायचे.

"टिकाऊ म्हणता तर पेटी घ्या," चैतराम म्हणाले. "माझी पेटी डब्यातून दोनदा खाली पडली. एक पोचा आला, बस."

"पेटी पाठीवर कशी घेणार हो?"

"त्याले हमाल असते."

"जंगलात?"

चैतरामांनी हनुवटी भिंतीवर टेकवली. "पहिले असत," ते म्हणाले, आणि डोकं भिंतीखाली गेलं.

शेवटी पुष्पाबाईंनीच मार्ग काढला. माळ्यावर हर्षाची, म्हणजे त्यांच्या मुलीची, शाळेतली बॅग पडून होती. दुधाचं लिटरचं माप घेऊन तांदूळ मोजत त्या बॅगेत ओतायचे म्हणजे बॅग किती लिटरची ते कळेल. परसराम मोजत होते, पुष्पाबाई ओतत होत्या, आणि चैतराम पुन्हा भिंतीवर हनुवटी टेकवून साक्षीदार झाले होते. सतरा मापं व्यवस्थित गेली. अठराव्याला परसराम बॅग उचलून वजनाचा अंदाज घ्यायला गेले, बुडाची शिलाई उसवली आणि घरभर तांदूळ झाला.

परसराम त्या तांदळात उभे राहिले. त्यांच्या आज्या-पणज्यांनी गावात तलाव बांधला होता. त्या तलावाची पाळ अजून एक थेंब झिरपू देत नाही, असं ते पाहुण्यांना नेहमी सांगायचे. आणि त्याच घराण्याच्या वंशजाला अठरा मापं तांदूळ धरून ठेवता आला नव्हता.

"तांदूळ मी भरतो," ते खोल आवाजात म्हणाले. "पण आता बॅग घेईन तर अशी घेईन की पुन्हा घ्यायची गरज पडणार नाही."

रविवारी ते बाजारात गेले. दुकानदारानं त्यांच्यापुढे बॅगांचा ढीग घातला. पहिल्या बॅगेवर उडणारा वाघ होता, दुसरीवर हसणारी जीप.

"बडों की दिखाओ," परसराम म्हणाले.

"ये लो अंकल. ये लाइफटाइम चलेगी."

'लाइफटाइम' हा शब्द परसरामांना तपासल्याशिवाय सोडवेना. त्यांनी पट्टा ओढून पाहिला. शिलाई नखानं खरवडली. बॅग उलटी करून झटकली. मग चेन जोरात इकडून तिकडे, तिकडून इकडे अशी सात-आठ वेळा फिरवली. आठव्या वेळी चेनचं लोंबतं टोक त्यांच्या हातात आलं.

"अंकल," दुकानदार म्हणाला, "बैग लेने आए हो कि कुश्ती लड़ने?"

गिऱ्हाइकं हसली. परसरामांनी ते टोक अदबीनं गल्ल्यावर ठेवलं, जणू हरवलेली वस्तू परत केली, आणि ताठ मानेनं बाहेर पडले. पायरी चुकली नसती तर मान घरापर्यंत ताठ राहिली असती.

शेवटी हर्षा मदतीला आली. ती नागपूरला एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. फोनवर तिनं आधी बापाची तब्येत विचारली, मग ती पोटभर हसली आणि मग गंभीर झाली. "बाबा, मी इथून मागवते. शिलाई दुहेरी पाहिजे, कापड पाण्यात टिकणारं पाहिजे आणि कमरेचा पट्टा जाड पाहिजे. वजन कमरेवर यायला पाहिजे."

"बॅग पाठीवर आणि वजन कमरेवर?"

"हो."

"मग पाठीचं काम काय?"

"बाबा, तुम्ही फक्त पार्सल घ्या."

हे 'फक्त' फार महागात पडलं. चार दिवसांनी परसरामांच्या फोनवर निरोप आला: 'पार्सल देण्यासाठी आलो असता घरी कोणी नव्हते.' पुष्पाबाई दिवसभर अंगणात वड्या घालत होत्या. त्यांनी गल्लीतून गेलेल्या प्रत्येक माणसाची नोंद तोंडी सांगितली आणि त्यात पार्सलवाला नव्हता. परसराम दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून कुरिअरच्या कार्यालयात गेले.

काउंटरवरचा तिशीतला माणूस त्यांना पाहताच उभा राहिला. "बडे बाबू! या न. बसा. मी गुड्डू मेश्राम. तुमच्या कॉलेजातच होतो मी." त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, मागच्या फळीवरून एक भलंमोठं खोकं काढून समोर ठेवलं आणि ओळखपत्र मागितलं. परसरामांनी आधार कार्ड दिलं. गुड्डूनं कार्ड पाहिलं. खोक्यावरचा कागद पाहिला. पुन्हा कार्ड पाहिलं.

"सर, पार्सल परसरामच्या नावानं हाये. कार्डावर परशराम हाये."

"एकच आहे रे ते."

"मी का नाही म्हणून राहिलो? पण अक्षर वेगळं हाये."

"अरे, मी समोर बसलो आहे!"

"कोण बसला हाये तेच तर पाहून राहिलो सर." गुड्डू अतिशय नम्रपणे बोलत होता. "तुमाले आठवत नसंल. माझा दाखला होता. अर्जात गुड्डूचा डू दीर्घ होता न् रजिस्टरात ऱ्हस्व. तुमी म्हणले होते, 'नावात एक वेलांटी चुकली तर माणूस बदलते.' ते मी कधी भुललो नाही."

परसरामांना आठवलं नाही, कारण असे गुड्डू त्यांच्या टेबलावरून वर्षाला पन्नास-साठ परत जायचे. पण वाक्य त्यांचंच होतं. वेलांटीच्या जागी उकार पाहिजे होता, एवढी चूक सोडली तर वाक्यात बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांनी चहा संपवला.

"मग काय आणू?"

"दोन्ही नावं एकाच माणसाची हायेत, असं पत्र. तुमच्या संस्थेचं चालंल."

संस्थेची पत्रं परसरामच लिहायचे. त्यांनी लिहिलं: 'प्रमाणित करण्यात येते की, परसराम आणि परशराम ही एकच व्यक्ती असून ती या कार्यालयास परिचित आहे.' खाली डाव्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणे 'तयार करणार' म्हणून स्वतःची सही केली. प्राचार्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"बडे बाबू, ही व्यक्ती परिचित आहे असं कोण सांगतं?"

"मी."

"आणि व्यक्ती कोण?"

"मीच."

प्राचार्यांनी चष्मा पुसला आणि सही केली. पत्र घेऊन परसराम गेले तर गोल शिक्का राहिला होता. तो मारून तिसऱ्यांदा गेले तेव्हा खोकं मिळालं.

खोकं उचलल्यावर ते दारापर्यंत गेले आणि परत वळले. "गुड्डू, दाखल्यासाठी तुला किती खेपा झाल्या होत्या?"

"चार, सर."

"मला तीनच झाल्या."

"एक तुमाले माफ केली," गुड्डू म्हणाला, आणि दोघंही हसले. परसराम मात्र हसताना जरा खाली बघत होते. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा अर्ज ऱ्हस्व-दीर्घासाठी परत करायचा होता. तो त्यांनी स्वतःच दुरुस्त करून, बाजूला सही करून पुढे पाठवला. कार्यालयाला वाटलं, बडे बाबूंना बरं नाही.

बॅग हिरव्या रंगाची होती. तिला एकूण चौदा पट्टे होते आणि त्यांपैकी सहा कशाचे ते हर्षालाही सांगता आलं नाही. पण परसरामांचा आता कशावरही विश्वास उरला नव्हता. त्यांनी बॅग नळाखाली धरली. पेरूच्या झाडाला टांगून चैतरामांना तिला लोंबायला सांगितलं. चैतराम लोंबले. बॅग टिकली, फांदी मोडली. मग सोळा किलो तांदूळ भरून परसराम रोज पहाटे कॉलनीला फेऱ्या मारू लागले.

आता कुडव्यात पहाटे पाठीवर गाठोडं घेऊन, मफलर बांधून, धापा टाकत घरातून निघणारा सत्तावन्न वर्षांचा माणूस दिसला की लोक काय समजणार? पहिल्या दिवशी चैतरामांच्या बायकोनं, मंदाबाईंनी, खिडकीतून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला माहीत झालं की डोंगरवार बाबू घर सोडून चालले आहेत, फक्त रोज त्यांचा धीर सुटतो म्हणून फेरी मारून परत येतात.

बॅग झाडाला लावून तपासणारे चैतराम खरं तर अफवेवर पाणी टाकू शकले असते. पण त्यांनाच ती पटली. एका पहाटे त्यांनी परसरामांना कोपऱ्यावर अडवलं.

"बाबू, मी काही विचारत नाही," ते म्हणाले. "भांडण कोणाच्या घरी नाही होत? पण या वयात माणसानं घर सोडून कुठं जावं?"

"दरेकसाला."

"आश्रम हाये का तिथं?"

तिकडे दुपारी मंदाबाई आणि आणखी तिघी पुष्पाबाईंकडे आल्या. येताना वाटीभर भजी आणली होती. "पुष्पाबाई, तू काही मनाले लावून घेऊ नको," मंदाबाई म्हणाल्या. "पुरुषाचं असंच राहते. जाते कुठं? भूक लागली का येते." पुष्पाबाईंनी आधी त्यांना वेड्यात काढलं, मग खळखळून हसल्या, भजी खाल्ली आणि सगळ्यांना चहा दिला.

पण संध्याकाळी परसराम घरी आले तेव्हा त्या हसत नव्हत्या. त्या बॅगेतला तांदूळ काढून डब्यात भरत होत्या.

"काय झालं?"

"काही नाही. बाया म्हणत होत्या, तुमी मले सोडून जाऊन राहिले."

"काहीही बोलतात."

"हाव. पण दोन दिवस तर चाललेच न." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तीस वर्षं झाली, तुमचा डबा भरून राहिली मी. डबा रोज बाहेर जाते. मी त्याच्यासंगं एकदाही नाही गेली."

महिनाभर परसरामांनी शिलाई तपासली होती, कापड तपासलं होतं, पट्टे मोजले होते. हे मात्र त्यांच्या नजरेतून सुटलं होतं. ते उठले, फोन घेतला आणि बिसेन सरांना लावला.

"सर, यादीत बारावं नाव घ्या. पुष्पा परसराम डोंगरवार."

"कुटुंबाला परवानगी आहे बडे बाबू, पण सूचना क्रमांक चार. वहिनींची बॅग?"

परसरामांच्या डोळ्यांपुढे आलं: पुन्हा दुकान, पुन्हा पार्सल, पुन्हा गुड्डू. "आमची एकच बॅग राहील," ते म्हणाले. "आळीपाळीनं घेऊ. यादी तुम्ही माझ्याकडे पाठवा, शिक्का मी मारतो."

स्वयंपाकघरातून पुष्पाबाईंचा आवाज आला, "मंग तांदूळ कायले काढून राहिली मी?" आणि लगेच पुऱ्यांच्या पिठाचे, चिवड्याच्या पोह्यांचे डबे वाजू लागले.

जानेवारीत सकाळच्या गाडीनं बारा जण निघाले आणि दरेकसाला उतरले. हवेत गारठा होता, रानात मोहाची झाडं धुक्यातून एकेक करून बाहेर येत होती. पुष्पाबाईंनी साडीवर हर्षाचे जुने पळायचे बूट घातले होते आणि मंदाबाईंनी दिलेला स्वेटर. परसरामांच्या पाठीवर हिरवी बॅग होती. ती इतकी मजबूत दिसत होती की पहिल्या तासातच लोकांनी सूचना क्रमांक चार मोडायला सुरुवात केली. "बडे बाबू, एवढी पाण्याची बाटली." "बडे बाबू, ही चादर तेवढी." परसराम प्रत्येकाला सूचना वाचून दाखवत आणि मग वस्तू घेत. दुपारपर्यंत त्या बॅगेत तीन चादरी, पाच बाटल्या, एक पातेलं आणि प्राणिशास्त्राच्या सरांची दुर्बीण होती. बॅगेची एक शिलाई हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुहेची चढण लागली, आणि निम्म्यावर परसरामांच्या उजव्या बुटाचा तळवा पुढून उघडला.

बूट चौदा वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनाचे होते. महिनाभर सगळं लक्ष बॅगेकडे. बुटाकडे कोणी पाहिलंच नव्हतं. पाऊल उचललं की बूट तोंड उघडायचा, टेकवलं की मिटायचा. मागून कोणीतरी हसलं. मग सगळे हसले. परसराम एका खडकावर बसले आणि त्यांना कार्यालय, खुर्ची आणि भिंत एकदम समोर दिसली.

"बडे बाबू, इथंच थांबता का?" बिसेन सरांनी हळूच विचारलं. "येताना तुम्हाला घेऊ आम्ही."

परसराम "हो" म्हणणार होते. ओठापर्यंत आलंच होतं. पण पुष्पाबाई खाली वाकून बॅगेच्या बाजूला काहीतरी चाचपत होत्या.

"हे सहा पट्टे कशाचे हायेत म्हणत होते तुमी?" त्यांनी एक पट्टा सर्रकन काढला, नवऱ्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि बूट तळव्यासकट असा करकचून आवळला, जसं धानाचं पोतं आवळतात. "उठा."

परसराम उठले. पाच पावलं गेले. बूट गप्प होता. पण आता दम लागला होता आणि बॅग जड झाली होती. पुष्पाबाईंनी हात पुढे केला. "आणा."

"सगळे पाहत आहेत."

"पाहू द्या. आळीपाळीनं म्हणले होते न तुमी? तुमची पाळी संपली."

दहा जणांसमोर परसरामांनी बॅग बायकोच्या पाठीवर चढवली. कमरेचा पट्टा लावून दिला. कुणी हसलं नाही, किंवा हसलं असेल तर त्यांना ऐकू आलं नाही. कारण पुष्पाबाई लागलीच चढू लागल्या होत्या आणि त्यांच्या मागं राहायचं तर हसण्याकडे लक्ष देऊन चालत नव्हतं. लहानपणी शेतातून डोक्यावर भारे आणलेल्या त्या. वाटेत त्यांनी दोनदा मागं वळून पाहिलं, एकदा बिसेन सरांना विचारलं, "अजून किती वर हाये?" आणि उत्तर ऐकून म्हणाल्या, "बस, एवढंच?"

गुहा म्हणजे गोंडांचं देवस्थान, म्हणून तिथं पोचल्यावर सगळ्यांनीच बूट-चपला काढल्या, त्यामुळे परसराम कुणाहून कमी राहिले नाहीत. आत थंड अंधार होता, आणि वरच्या मोठ्या भोकातून उजेडाचा एक झोत खाली पडत होता. पुष्पाबाईंनी हात जोडले. मग त्या झोताखाली उभ्या राहून त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ. परसराम त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. ते म्हणाले, "गार आहे नाही?"

"लय मोठं हाये हो," पुष्पाबाई म्हणाल्या. "एवढं मोठं काही हाये, न् आपण कुडव्यातच बसून होतो."

परतीच्या गाडीला दरेकसाच्या स्टेशनवर अजून अवकाश होता. फलाटावर ऊन पडलं होतं. मंडळी चहा शोधायला गेली होती. पुष्पाबाई बाकावर बसल्या, बसल्या बसल्या कलंडल्या आणि बॅगेवर डोकं ठेवून गाढ झोपल्या. परसराम उन्हाच्या बाजूला सरकून बसले, म्हणजे आपली सावली पुष्पाबाईंच्या तोंडावर पडेल.

नागपूरकडून आलेल्या एका गटातला तरुण गृहस्थ फलाटावर फेऱ्या मारत होता. बॅगेपाशी येऊन तो थांबला. "काका, बॅग भारी दिसते. टिकाऊ आहे का? मलाही घ्यायची आहे."

महिनाभर परसराम या प्रश्नाची वाट पाहत होते. दुहेरी शिलाई, पाण्याची परीक्षा, पेरूची फांदी, सोळा किलो तांदूळ, सगळं त्यांच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी श्वास घेतला. मग बायकोकडे पाहिलं आणि ओठावर बोट ठेवलं.

"थोडं थांबा," ते कुजबुजले. "ती उठली की तिला विचारा. वरपर्यंत तिनंच नेली."